सनद

बँकेत असताना कर्जाच्या कागदांवर बायकांचे अंगठे मी कितीदा तरी घेतले आहेत. बाई पदर सावरत खुर्चीच्या कडेवर बसायची, शेजारी दीर नाहीतर पुतण्या उभा असायचा. कागद समजला का, असे तिला विचारले की उत्तर तो द्यायचा. साक्षीदार असत, शिक्का असे, नियमाप्रमाणे सारे ठीक असे. अशाच एका विधवेची जमीन तिच्या नकळत तारण गेल्याचे मला फार उशिरा कळले. पुढे कॉर्नेलिया सोराबजींचे चरित्र वाचताना ती बाई पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा, नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढलेली. घरात मुलींच्या शिक्षणाविषयी दुमत नव्हते. अडचण घराबाहेर होती. डेक्कन कॉलेजात मुलांच्या घोळक्यात ती एकटी मुलगी. काही विद्यार्थी तिच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेत. ती मागे हटली नाही आणि अखेरच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर म्हणून ती ओळखली जाते. या यशाबद्दल विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. पण ती पुरुषांसाठी होती, म्हणून नाकारली गेली.

काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवून १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली. त्यासाठी इंग्लंडमधल्या ज्या हितचिंतकांनी पैसे उभे केले, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८९२ साली खास परवानगी मिळवून तिने कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली. ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. परीक्षा देता आली, पदवी मात्र मिळाली नाही. विद्यापीठाने ती दिली १९२२ साली, तीस वर्षांनंतर.

बाई हिंदुस्थानात परतल्या, त्या एक काम मनाशी पक्के करून. संस्थानांत आणि जमीनदार घराण्यांत हजारो बायका पडद्यात राहत. परक्या पुरुषाशी बोलण्याची सोय नाही आणि वकील तर सगळे पुरुष. त्यामुळे इस्टेट नावावर असूनही कारभार मुनीम, कारभारी, दूरचे नातलग यांच्या हाती. फसवणूक झाली तर ती सांगायची कुणाला? या बायकांपर्यंत स्त्री वकीलच पोचू शकत होती.

पण सनद कोण देणार? १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावासाठी त्या उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या परवानगीने वकील नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीची बाजू मांडता येई, ती फट त्यांनी शोधली होती. १८९७ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाल्या, १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली. तरी नोंदणी झाली नाही. त्यांचे ज्ञान अपुरे आहे, असे कुणी म्हणत नव्हते. नियमांत वकील म्हणजे पुरुष, एवढेच कारण होते.

दार उघडेना, तेव्हा त्यांनी भिंतीला बगल दिली. पडद्यातल्या स्त्रियांसाठी सरकारने कायदेशीर सल्लागार नेमावा, म्हणून त्या पाठपुरावा करीत राहिल्या. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे काम बिहार, ओरिसा, आसामपर्यंत पसरले. पालखीतून, होडीतून, हत्तीवरून त्या वाड्यावाड्यांत पोचल्या. सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुले यांना त्यांची मदत झाली, असे मानले जाते.

दरम्यान रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने १९१६ मध्ये फेटाळला, सुधांशुबाला हाजरा यांचा पाटण्याने १९२१ मध्ये. त्याच १९२१ साली अलाहाबादने कॉर्नेलियाबाईंची नोंद केली आणि १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिली खुली झाली. बाई तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. १९२४ पासून त्यांनी कलकत्त्यात वकिली केली. पण तिथेही त्यांच्या वाट्याला लेखी मते देण्याचेच काम जास्त आले. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या आणि तिथेच ६ जुलै १९५४ रोजी वारल्या.

त्यांची सगळीच मते पटण्यासारखी नव्हती. ब्रिटिश राज्यावर त्यांची श्रद्धा होती, गांधीजींच्या चळवळीला विरोध होता. कॅथरिन मेयोच्या हिंदुस्थानची नालस्ती करणाऱ्या पुस्तकाची त्यांनी बाजू घेतली आणि आपल्याच लोकांत परक्या झाल्या. आपल्याला त्यांचा विसर पडला, त्यामागे हेही कारण असावे.

तरीही त्यांच्या आयुष्यातला मुद्दा जुना झालेला नाही. परीक्षा नको, सनद नको, असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. उलट एकामागून एक परीक्षा देत राहिल्या. ज्या मुनिमांनी बायकांना लुबाडले, त्यांच्यावर कुणाचा वचक नव्हता. म्हणून धंद्याला नियम हवेतच. पण तोच नियम लायक माणसाला बाहेर ठेवू लागला, की तो पक्षकाराचे नव्हे, आत बसलेल्यांचे रक्षण करतो. बाईंना सनद मिळाली नाही, त्याची खरी किंमत त्या पडद्यातल्या बायकांनी मोजली.

आज वकिलांवर देखरेख १९६१ च्या कायद्याखालील बार कौन्सिलची. तिचे बहुतेक सदस्य वकीलच निवडून देतात आणि वकिलाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणले. वकील त्या कक्षेत येत नाहीत, असा निकाल २०२४ मध्ये दिला. त्यामागची कायद्याची कारणे जाणकार सांगतील. मला मात्र असे कागद चाळताना खुर्चीच्या कडेवर बसलेली ती बाई दिसते. नियम करताना तिला कुणीतरी, शेजारच्या पुतण्याला बाजूला सारून, विचारायला हवे.