नाण्यांची झीज वाचणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

गेल्या उन्हाळ्यात मी आजीला घेऊन रेशनच्या दुकानात गेलो होतो. तिने मशीनवर अंगठा ठेवला, मशीनने तो नाकारला. पदराने पुसून ठेवला, दुसरे बोट ठेवले, तरी ओळख पटेना. आयुष्यभर निंदण-खुरपण करून आणि कापूस वेचून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसून गेल्या आहेत. दुकानातले सारे सुलतानपूरकर तिला नावानिशी ओळखत होते. एकटे मशीन तेवढे ओळखत नव्हते. त्या दिवशी आम्ही रिकामी पिशवी घेऊन घरी परतलो.

त्याच सुमारास इतिहासाच्या अभ्यासासाठी मी दा. ध. कोसंबी वाचू लागलो होतो. झिजलेल्या वस्तूकडे पाहण्याची एक अगदी निराळी दृष्टी मला तेथे सापडली. म्हणून या थोर विद्वानाच्या जीवनाचा अल्प परिचय माझ्या विद्यार्थी मित्रांना करून द्यावा, असे वाटले.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे गाढे पंडित. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेस गेले, तेव्हा मुलालाही बरोबर नेले. शिक्षणाचा बराच काळ दामोदरांनी तेथेच घालवला आणि 1929 साली हार्वर्डची पदवी अत्युच्च श्रेणीत मिळवली. यंत्र आणि प्राणी यांच्यातील नियंत्रणाचे शास्त्र पुढे ज्यांनी उभे केले, त्या नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जडला तो याच काळात. विचार करणाऱ्या यंत्रांमुळे कामगारांचे काय होईल, ही चिंता आरंभीच बोलून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांत वीनर अग्रणी होते.

भारतात परतल्यावर बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन करून कोसंबी 1933 साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथील बारा वर्षे त्यांच्या प्रतिभेच्या बहराची होत. संख्याशास्त्र आत्मसात करायचे तर एखादा खराखुरा प्रश्न हाती घ्यावा, या विचाराने त्यांनी प्राचीन आहत नाणी निवडली. या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही. आहेत ती केवळ ठोकलेली चिन्हे. त्यांचा काळ ठरवायचा कसा? कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहाती फिरते तसे ते झिजते, म्हणजे वजनातली घट ही त्याच्या प्रवासाची नोंदच होय. हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चलनातली, सन माहीत असलेली नाणीही मोठ्या संख्येने तोलली. नाणे जुने होते तसे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो, असे त्यांना आढळले. मग तक्षशिलेच्या नाण्यांचा क्रम त्यांनी या मार्गाने लावला. ज्या झिजेमुळे नाणे वाचता येत नाही असे इतरांना वाटे, तीच झीज त्यांनी वाचली!

याच काळात, 1943 साली, त्यांनी एक गणिती निबंध प्रसिद्ध केला. आवाजासारखी सतत बदलणारी, वरवर अनियमित दिसणारी गोष्ट काही मूळ आकारांची बेरीज म्हणून मांडता येते, आणि त्यांतले महत्त्वाचे थोडे आकार ठेवले तरी तिचे सार हाती राहते, असा त्याचा आशय सोप्या शब्दांत सांगता येईल. पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांनीही हा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला आणि बराच काळ तो त्या दोघांच्याच नावाने ओळखला गेला. 1987 ते 1991 या वर्षांत अमेरिकेतील संशोधकांनी हीच युक्ती माणसांच्या चेहऱ्यांना लावली. प्रत्येक चेहरा म्हणजे एक सरासरी चेहरा आणि काही मूळ आकारांचे कमीअधिक मिश्रण, असे धरून संगणक चेहरे ओळखू लागला. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या रीतीने शिकते. तथापि माणसाचे रूप मोजक्या आकड्यांत साठवायचे, ही कल्पना तिच्यातही आहे. पुण्यातल्या एका प्राध्यापकाचे गणित त्या वाटेवर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

1945 साली कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. राहणे मात्र पुण्यालाच. डेक्कन क्वीनने जाणे-येणे. 1948-49 मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत संगणक यंत्रांचा अभ्यास केला. म्हणजे यंत्रांचे सामर्थ्य त्यांनी जवळून पाहिले होते. पण आकडेमोडीवर विसंबून ते कधी घरी बसले नाहीत. हातात काठी घेऊन ते पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि लेणी पालथी घालत, गारगोटीची सूक्ष्म हत्यारे वेचत, धनगरांना त्यांच्या देवांविषयी आणि वाटांविषयी विचारत. 1956 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासावरील ग्रंथात त्यांनी राजांच्या वंशावळीऐवजी उत्पादनाची साधने आणि माणसामाणसांतले संबंध यांना मध्यभागी आणले.

विज्ञान कोणाच्या उपयोगाचे, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. जागतिक शांतता चळवळीत ते हिरिरीने वावरले. अणुशक्तीचा उदोउदो चाललेला असता, या उन्हाच्या देशाने सूर्यशक्तीकडे वळावे, असे त्यांनी उघडपणे मांडले. स्वभाव तिखट, भिडस्तपणा नाही. चुकाही झाल्या. 1959 साली रीमानच्या प्रसिद्ध गणिती कूटाची उकल केल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या कीर्तीला बट्टा लागला. 1962 साली संस्थेतील त्यांची मुदत पुढे वाढवली गेली नाही. तरीही लेखणी थांबली नाही. 29 जून 1966 रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली.

कोसंबींचे चरित्र वाचून मिटले, तेव्हा मला पुन्हा आजीचा अंगठा आठवला. रेषा नाहीत म्हणून मशीनने ती चूक धरली. कोसंबींनी त्याच अंगठ्यावर तिच्या कष्टांचा हिशेब वाचला असता. मी यंत्राचा वैरी नाही. पिकाच्या पानाचा फोटो पाहून रोग सुचवणारे यंत्र आमच्या शेतकऱ्याला हवेच आहे. परंतु ज्या आकड्यांवर यंत्र शिकते त्यांत झिजलेले हात आहेत काय, त्याचा निर्णय चुकला तर दाद कोणाकडे मागायची, आणि समोर उभ्या माणसाला ओळखणाऱ्या दुकानदाराच्या शब्दाला काही किंमत राहील काय, हे विचारणारे कोणी तरी हवे. हे प्रश्न गणिताच्या वर्गाइतकेच आपल्या कला शाखेच्या वर्गाचेही आहेत.

आजीचे धान्य पुढच्या आठवड्यात मिळाले. करंगळी लागली. ती घटकाभर हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निंदणाला गेली.