आधी नहर, मग नगर : मलिक अंबरचा वारसा आणि जालना

मराठवाड्यातील शहरांच्या पाण्याचा प्रश्न निघाला की चारशे वर्षांपूर्वीच्या एका प्रशासकाचे नाव हटकून पुढे येते. हे नाव मलिक अंबरचे. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा सेनापती म्हणून तो इतिहासात गाजला. मात्र नगर वसवायचे तर प्रथम पाण्याची सोय पाहावी, हा धडा दख्खनला ज्यांनी दिला त्यांत त्याचे स्थान वरचे आहे. त्याच्या कारकिर्दीची एक खूण जालना शहरातही आहे.

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. अरबस्तान आणि बगदाद असा प्रवास करीत, हातोहाती विकला जात, तो दख्खनला पोहोचला. बगदादच्या एका मालकाने त्याला शिक्षण दिले, हिशेब आणि कारभाराची ओळख करून दिली. अंबर हे नावही त्याचेच. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामही. त्याच्या हाताखाली अंबरने लष्कर आणि महसूल या दोन्ही खात्यांचे काम जवळून पाहिले.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली आणि तेथेच त्याला मलिक हा किताब मिळाला, असे मानले जाते. नंतर तो निजामशाहीत परतला. 1600 मध्ये चांदबिबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राज्य बुडाल्यात जमा होते. अशा वेळी अंबरने परांड्याला मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले आणि कारभाराची सूत्रे स्वतःकडे घेतली. शहाजीराजांसह अनेक मराठा सरदार पुढे त्याच्या फौजेत लढले.

खडकीची निवड

परांडा, जुन्नर अशा मुक्कामांनंतर 1610 मध्ये अंबरने दौलताबादजवळच्या खडकी या खेड्याची राजधानीसाठी निवड केली. हेच आजचे छत्रपती संभाजीनगर. नावाप्रमाणेच ही जागा खडकाळ होती. जवळून खाम नदी वाहत असली, तरी राजधानीची वस्ती, फौज, घोडे आणि बाजारपेठ यांची तहान बारमाही भागविण्याइतके पाणी तेथे नव्हते. शहराच्या उत्तरेकडील डोंगररांगांत पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याच्या जमिनीत खेळते राहते, हे त्याने हेरले. त्यातून नहर-ए-अंबरी साकारली.

या नहरीची रचना आजच्या अभियंत्यांनाही विचार करायला लावणारी आहे. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालून भुयारी मार्ग खोदण्यात आला. आजूबाजूच्या थरांतून झिरपणारे पाणी त्यात गोळा होई. जमिनीच्या उताराचा नेमका अंदाज घेऊन हे पाणी शहराकडे आणले गेले. मोटेची, रहाटाची किंवा बैलांची गरज पडली नाही. मार्गावर ठरावीक अंतरांवर विहिरींसारखी तोंडे ठेवली होती. त्यांतून उतरून गाळ काढता येई. शहरात आल्यावर पाणी खापरी नळांतून निरनिराळ्या वस्त्यांमधील हौदांत जाई. पाणी जमिनीखालून वाहत असल्याने उन्हाळ्यात त्याची वाफ होऊन नासाडी होत नसे.

पाण्याच्या वाटेबरोबर वस्त्या आखल्या गेल्या. शहरातील मालपुरा, खेलपुरा, परसपुरा या पुऱ्यांची नावे अंबरच्या पदरी असलेल्या मराठा घराण्यांशी जोडली जातात. मशिदी, बाजार, वेशी उभ्या राहिल्या. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे.

गावाचा हिशेब

शहर उभारायचे तर खेड्याची शेती टिकली पाहिजे, हे अंबरने ओळखले होते. सततच्या लढायांनी गावे ओस पडत होती. महसुलाची वसुली इजाऱ्याने देण्याची पद्धत होती. इजारदार जास्तीत जास्त बोली लावून गाव घेई आणि ती रक्कम शेतकऱ्याकडून पिळून काढी. अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्यास सुरुवात झाली. पाटील-कुलकर्णी या गावच्या वतनदारांकडे वसुलीची जबाबदारी आली. पीक बुडाले तर सारा कमी होई. गावकारभार गावाच्याच हाती ठेवून त्यावर राज्याने देखरेख करावी, असे या पद्धतीचे स्वरूप होते. पुढील काळातील मराठी राज्याच्या जमीन महसुलाच्या व्यवस्थेवर तिचा प्रभाव पडला, असे अभ्यासक मानतात.

जालन्याचा मोती तलाव

त्याच काळात जालन्याचा कारभार जमशेदखानाकडे होता. त्याने शहरात मशीद आणि सराई बांधली, तसेच मोती तलाव खोदविला. तलावाचे पाणी भूमिगत नळांतून गावातील हौदांपर्यंत पोहोचविण्यात आले. त्यातील एक मोठा हौद सराईच्या चौकात होता. म्हणजे वाटसरू, व्यापारी आणि त्यांची जनावरे यांच्या पाण्याचाही विचार झाला होता. जुन्या गॅझेटियरमध्ये या व्यवस्थेची नोंद आहे. खडकीतील विचार राजधानीपुरता राहिला नाही, तो परगण्याच्या गावापर्यंत पोहोचला, हे या तलावावरून दिसते.

जालना परिसराने अंबरचा पराभवही पाहिला. 1616 मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील रोषणगावाजवळ शाहनवाजखानाच्या मोगली फौजेने त्याला हरविले. विजयी सैन्य तेथून खडकीवर चालून गेले आणि नव्या राजधानीची मोठी नासधूस झाली. 1621 मध्ये मोगलांनी पुन्हा तिची राखरांगोळी केली. वाडे जळाले, बाजार लुटला गेला. जमिनीखालची नहर मात्र वाहत राहिली. त्यामुळेच लोक पुन्हा तेथे वसू शकले.

1624 मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडी येथे अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या वेळी तेथील तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला. ज्याने पाण्याने शहर जगविले, त्यानेच पाण्याचा शस्त्रासारखा वापर केला. 1626 मध्ये वयाच्या सुमारे 78 व्या वर्षी त्याचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, खडकीला फतेहनगर नाव दिले. पुढे औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झाले. 1636 मध्ये निजामशाही संपली. राज्य गेले, राजधानीची नावे बदलली, तरी नहर पुढे कित्येक पिढ्यांच्या उपयोगी पडली.

देखभालीचा प्रश्न

जालन्यापुढे आज हाच इतिहास प्रश्न होऊन उभा आहे. निजामाच्या राजवटीत बांधलेल्या घाणेवाडी तलावाने शहराची अनेक दशके तहान भागविली. पुढे तो गाळाने भरत गेला. 2012-13 च्या भीषण दुष्काळात जिल्ह्याला टँकरचा आधार घ्यावा लागला. शहरातील नागरिकांनी पुढाकार घेऊन घाणेवाडीतील गाळ काढण्याचे काम हाती घेतले. दूरच्या जायकवाडी धरणातून येणारे पाणी आता शहराचा मोठा आधार आहे. पोलाद आणि बियाणे उद्योगांमुळे शहर वाढते आहे. 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

महापालिका झाल्यावर रस्ते, इमारती आणि नव्या वसाहती यांचे आराखडे होणारच. मोती तलाव, घाणेवाडी आणि कुंडलिका नदी यांना त्या आराखड्यात कोणती जागा मिळते, यावर शहराचे भवितव्य अवलंबून राहील. तलावात पाणी आणणारे ओढे मोकळे ठेवणे, पाणलोट क्षेत्रात बांधकाम होऊ न देणे आणि गाळ काढण्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करणे ही कामे उद्घाटनाच्या फलकावर झळकत नाहीत. अंबरच्या कारागिरांनी नहर खोदतानाच माणसाला आत उतरून गाळ काढता येईल अशी तोंडे ठेवली होती. बांधकाम करतानाच पुढच्या शंभर वर्षांच्या देखभालीची सोय करणारी ती दृष्टी नव्या महापालिकेने उचलली, तर चारशे वर्षांपूर्वीचा हा वारसा जालनेकरांच्या खरोखर उपयोगी पडेल.