लोकविश्वासाचे धनी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

१८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपल या संगणक कंपनीचे भारतातील पहिले दालन उघडले. त्या दिवशी दारापुढे चाहत्यांची मोठी रांग लागली होती. कित्येकजण परगावांहून आले होते. एकाने तर आपला जुना मॅकिंटॉश संगणक सोबत आणला होता. विकत घेतलेल्या यंत्रावर माणसाची एवढी माया का जडावी, असा प्रश्न वडीलधाऱ्यांस पडला असेल. परंतु ही गोष्ट आपल्याकडे अगदीच नवी नव्हे. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची अशीच माया एका लोखंडी नांगरावर जडली होती. तो नांगर घडविणाऱ्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र चित्रांत व यंत्रांत रमे. शालेय अभ्यासात गोडी नसलेला हा मुलगा १८८५ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पण दैवाने तेथेही वाट अडविली. आपल्या डोळ्यांस काही रंगांतील भेद ओळखता येत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले आणि चित्रकाराचे स्वप्न संपले. लक्ष्मणराव खचले नाहीत. ज्या रेखाटनास रंगांची गरज नाही, ते यंत्रांचे रेखाटन त्यांनी हाती घेतले व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व ते बेळगावास परतले.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली सायकलींचे दुकान थाटले होते. थोरले बंधू रामूअण्णा ते सांभाळीत. लक्ष्मणरावांचे लक्ष आता शेतीकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र निघाले व पाठोपाठ लोखंडी नांगर. पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ज्या नावाने पुढे घराघरांत आदर मिळविला, त्या नावाचा माल अशा रीतीने प्रथम दुकानातच पडून राहिला होता, हे विसरून चालणार नाही. शेतकरी अडाणी आहे, असे म्हणून लक्ष्मणराव त्याच्यावर रागावले नाहीत. नांगराचे गुण नांगरटीतूनच दिसले पाहिजेत, हे ते जाणून होते.

तशात दुसरे संकट आले. शहराच्या नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम बेळगावच्या नगरपालिकेकडून आला. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली व १०,००० रुपयांचे कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाने भरलेले ओसाड माळरान ते! १९१० साली मूठभर कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणरावांनी तेथे बिऱ्हाड मांडले. हीच किर्लोस्करवाडी होय. पुढे त्या रेल्वे स्थानकालाही तिचेच नाव मिळाले. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. तुरुंग भोगून आलेल्या माणसांस रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धैर्यही लक्ष्मणरावांनी दाखविले. जो इतरांवर विश्वास टाकतो, त्याच्यावर लोकही विश्वास टाकतात.

आम्हां सुरतकरांस विश्वासाचे मोल निराळे सांगावयास नको. एके काळी सुरतेच्या सावकारांची हुंडी दूरदूरच्या पेठांत वटत असे, ती कागदामुळे नव्हे, त्यावरील नावामुळे. किर्लोस्करांच्या नांगराचेही तसेच झाले. अनुभव आला, शेजाऱ्याने शेजाऱ्यास सांगितले, आणि लोखंडी नांगर म्हणजे किर्लोस्करांचाच, असे समीकरण खेड्यापाड्यांत रूढ झाले. सुरतेत आलेली बहुतेक मराठी कुटुंबे मूळची खानदेशातील शेतकऱ्यांची. लोखंडी नांगराने शेतीत काय पालट घडविला, हे त्यांच्या घरी अजूनही सांगता येईल.

ग्राहकांचे हे प्रेम एका आगळ्या रूपाने फुलले. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी वाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची वार्ता ग्राहकांना व विक्रेत्यांना कळावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. पण हळूहळू त्यात कथा, निबंध व सामाजिक प्रश्नांवरील लेख येऊ लागले आणि त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ज्यांना नांगर कधी घ्यावयाचा नव्हता, अशी कुटुंबेही त्याची वाट पाहू लागली. १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. येथे एक विशेष ध्यानात घ्यावा. या मासिकाने वाचकांची केवळ स्तुती केली नाही. रूढी व अंधश्रद्धा यांवर त्याने कठोर टीका छापली. ती अनेकांस झोंबली असेल, तरी वाचक वाढतच गेले.

नांगरांमागून पाण्याचे पंप आले. लक्ष्मणरावांनी काही काळ औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. चिरंजीव शंतनुराव यांनी उद्योगाचा विस्तार दूरवर केला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आवडत्या कंपनीच्या चिन्हाचा अभिमान बाळगण्यात वावगे काही नाही. परंतु केवळ चिन्हावर भाळून वस्तू घेणारा आणि नांगरट पाहून नांगर घेणारा, यांत फार अंतर आहे. दोन वर्षे नांगर न घेणारा तो शेतकरी चुकीच्या समजुतीत होता खरा; तथापि डोळ्यांनी पाहिल्यावर त्याने आपले मत बदलले. ग्राहक म्हणून आपणही असेच पारखून घ्यावे, आणि आपल्यातून उद्या जे कारखानदार होतील, त्यांनी लक्ष्मणरावांसारखी वाट पाहण्याची तयारी ठेवावी, एवढीच आमची इच्छा आहे.