ससे, सुई आणि पाश्चर

पिरंगुट, लवळे भागात रूम घेऊन राहणाऱ्यांना रात्री टू-व्हीलरमागे धावणारी कुत्री काही नवीन नाहीत. चावलंच तर जखम साबणाने धुवायची, पौडचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं आणि लस टोचून घ्यायची. ही लस मुळात सशांमधून आली, आणि ती शोधणारा माणूस डॉक्टरसुद्धा नव्हता.

लुई पाश्चर यांचा जन्म १८२२ चा, फ्रान्समधला. वडील कातडी कमवायचे. लुई आठ वर्षांचे असताना गावाजवळ एक पिसाळलेला लांडगा लोकांना चावत सुटला. चावलेल्यांच्या जखमा लोहाराकडे तापलेल्या लोखंडाने डागल्या गेल्या, कारण दुसरा उपायच नव्हता. पुढे ते रसायनशास्त्रज्ञ झाले. पाचपैकी तीन मुलं लहानपणीच गेली, १८६८ मध्ये त्यांची स्वतःची डावी बाजू लुळी पडली. तरी प्रयोगशाळा सुटली नाही.

रेबीजचा जंतू त्यांना दिसेना. विषाणू तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकात दिसणं शक्यच नव्हतं. मग एमिल रू या सहकाऱ्यासोबत त्यांनी तो सशांच्या मेंदूत वाढवायला घेतला. एक ससा मेला की त्याच्यातला विषाणू सुईने दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. एक रिलेच म्हणा ना. सुरुवातीला आजार दिसायला साधारण पंधरा दिवस लागायचे. पन्नासेक सशांनंतर सातच! पुढे नव्वदाव्या सशापर्यंत तो सातवरच राहिला. उलट माकडांमधून नेला, तर कुत्र्यांसाठी तो सौम्य व्हायचा. म्हणजे विषाणू ज्या शरीरात राहतो, त्याप्रमाणे बदलतो.

या सशांचा मज्जारज्जू वाळवून त्यांनी लस बनवली. ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला तिचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. मुलगा जगला. पण पाश्चर यांच्या वह्या पुढे अभ्यासकांच्या हाती आल्या, तेव्हा कळलं की नेमक्या याच पद्धतीचे कुत्र्यांवरचे प्रयोग तेव्हा पूर्ण झालेच नव्हते. मला तरी तो जुगारच वाटतो.

मग ऑस्ट्रेलिया. तिथे सशांनी शेतं फस्त केली होती, आणि १८८७ मध्ये त्यावरच्या उपायाला २५,००० पौंडांचं बक्षीस लागलं. पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू सुचवला, पत्नीच्या भाच्याला सिडनीला धाडलं. सरकारने परवानगी नाकारली.

१९५० मध्ये तिथे खरोखरच एक विषाणू सोडला गेला, मिक्सोमा. सुरुवातीला शंभरातले नव्व्याण्णव ससे मेले. पण काही वर्षांतच विषाणूचे सौम्य प्रकार वरचढ ठरले. असं का? पाश्चर यांच्या रिलेत पुढचा ससा सुईच गाठून द्यायची, त्यामुळे हातातला ससा झटपट मेला तरी विषाणूचं काही बिघडत नव्हतं. इथे मात्र त्याला डास न्यायचे. ससा लवकर मेला, तर डासांना चावायला वेळच कुठे? शिवाय प्रयोगशाळेतला ससा पिल्लं मागे न ठेवता मरायचा. माळावर वाचलेल्या सशांची पिल्लं जन्मतःच जास्त चिवट निघाली. मग त्यांना पुरून उरणारा विषाणू पुन्हा तिखट झाला. ही चढाओढ अजून चालू आहे.

पाश्चर यातलं काही पाहायला नव्हते. २८ सप्टेंबर १८९५ ला ते गेले. आज तो जागतिक रेबीज दिन असतो. आणि आपल्या पुण्यातल्या सीरमची रेबीज लस ज्या पिटमन-मूर वाणापासून बनते, त्याचं मूळ पाश्चर यांच्याच विषाणूपर्यंत जातं.