सुगरणीचा खोपा आणि सालिम अली

१९३० साली बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन सालिम अली मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्यापुढे उपजीविकेचाच प्रश्न उभा होता. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील मार्गदर्शकाची जागा पैशाअभावी रद्द झालेली. विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरी जागा मिळणेही कठीण. अखेर ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहावयास गेले.

त्या पावसाळ्यात घरानजीक सुगरण पक्ष्यांची वसाहत विणीला लागली होती. रिकामा वेळ अलींनी तिच्यासमोर बसून कारणी लावला.

सुगरण चिमणीएवढी. एरवी नर-मादी दोघेही तपकिरी, रेघाळ. नवख्याला चिमणीच वाटावी. पावसाच्या तोंडावर मात्र नराचा माथा पिवळाधमक होतो आणि ओळख पटते. अलींना या छंदाची दीक्षा मिळाली तीही एका चिमणीपायीच. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीचा कंठ पिवळा निघाला, आणि तिची ओळख पटवण्यासाठी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे धाडले होते.

आपल्या भाषेने या कारागिराला स्त्रीलिंगी नाव दिले. खोपा विणतो तो मात्र नर. गवताच्या, पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून तो अर्धा खोपा टांगतो, पंख फडफडवत गातो. माद्या येऊन आत डोकावतात, पारखतात. एखादीला खोपा पसंत पडला की तिथेच जोडी जमते, आणि मगच तो प्रवेशाची नळी विणून काम पुरे करतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. अंडी उबवण्याचे काम एकट्या मादीचे. नर तोवर दुसरा खोपा विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी! एकाच नराचा हा अनेक खोप्यांचा संसार अलींनी किहीमला उलगडला आणि १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्यासाठी पक्षी मारून कपाटात ठेवण्याची गरज नव्हती. दिवसचे दिवस एकाच झाडाकडे पाहत बसावे लागले.

तेहमिना १९३९ मध्ये निवर्तल्या. दोन वर्षांनी भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. मानसन्मान पुढे पुष्कळ आले. १९८७ साली अली गेले. गोव्यात मांडवीकाठी चोडणच्या खारफुटीतील पक्षी अभयारण्याला त्यांचेच नाव आहे.