हमाली ते शाळा : जाईबाई चौधरी

मुलांनो, नागपूर ते कामठी डोक्यावर ओझं घेऊन पायी जाता येईल का? जाईबाई जायच्या. १८९२ मध्ये उमरेडला अस्पृश्य मानलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न, मग पोटासाठी हमाली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, महिना ४ रुपयांवर शिक्षिका केलं. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी मुलं शाळेतून काढली. नोकरी गेली, पुन्हा हमाली!

तरी १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. पुढे १९३७ मध्ये, नागपुरातल्या महिला परिषदेत शिकलेल्या सवर्ण बायकांनीच त्यांना जेवायला वेगळं बसवलं. जाईबाई गप्प बसल्या नाहीत. दलित स्त्रियांनी सभा घेऊन जाहीर निषेध केला.