डॉ. वसंत रामजी खानोलकर

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण बहुधा संत, राजपुरुष आणि साहित्यिक यांच्याकडे वळतो. सूक्ष्मदर्शकापुढे आयुष्य घालवलेल्या माणसाचे चरित्र क्वचितच आपल्या हाती येते. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे अशांपैकी एक होत.

त्यांचा जन्म क्वेट्टा येथे झाला. लंडनला विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या जागी उद्भवणाऱ्या कर्करोगावर त्यांनी १९४५ मध्ये लिहिले. रोगाचे कारण नेसण्याच्या रीतीत शोधणारी ही दृष्टी भाषेच्या अभ्यासकालाही जवळची वाटावी. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

त्यांचे कुष्ठरोगावरील कार्य मात्र अधिक सावकाश पाहावयास हवे. आपल्या धाराशिव परिसरातील वडीलधारी मंडळी या रोगास 'महारोग' म्हणत, आणि तेही दबक्या आवाजात. लोकांच्या लेखी तो कातडीचा रोग होता. खानोलकरांनी अगदी आरंभीच्या चट्ट्यांतील त्वचेचे पातळ छेद तपासले. जेथे बाहेरून फिकट डागापलीकडे काही दिसत नव्हते, तेथेही त्वचेतील बारीक मज्जातंतूंत जंतू आढळले. रोगाचे मूळ ठाणे मज्जातंतूंत आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

आता पेशींचा प्रश्न येतो. काही रुग्णांत भक्षक पेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारू शकत नाहीत. त्या जंतूंनी भरून जातात. इतर काहींत शरीराचा प्रतिकार तीव्र असतो. तेथे जंतू थोडे असतात, पण संरक्षक पेशी मज्जातंतूभोवती दाटी करतात आणि त्या दाहात मज्जातंतूच नष्ट होतो. हातापायांचे अपंगत्व पुष्कळदा जंतूंपेक्षा या प्रतिकारामुळे येते. येथे 'दाह' ही संज्ञा थोडी फसवी आहे, हे ध्यानात घ्यावे. मराठीत दाह म्हणजे आग, जळजळ. या रोगात मात्र दाहाचा शेवट बधिरतेत होतो. विस्तवाचा चटका बसला तरी रुग्णास कळत नाही.

१९५८ साली खानोलकर, कमल रणदिवे आणि बापट यांनी रुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. तो खरोखरच कुष्ठरोगाचा जंतू आहे, हे शास्त्रज्ञांनी सर्वसंमतीने मान्य केले नाही. तरीही त्याच जंतूपासून खानोलकरांच्या निधनानंतर मुंबईत कुष्ठरोगावरील लस तयार झाली आणि महाराष्ट्रात तिच्या चाचण्या घेण्यात आल्या.